मधल्या फरशीवरच्या खुर्च्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नीताला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही — आणि तिला मी सिलेंडर किती दिवस पुरला तेसुद्धा सांगतो. सहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारीतला एक रविवार, सकाळचे अकरा. तोवर भिंतीवरच्या पॅनलवर झालेला खर्च अकरा हजार सहाशे चाळीस रुपये. हजर माणसं चार: शेजारच्या परबकाकी, त्यांचा मुलगा सुनील, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई आणि मी. नीता भिंतीच्या अलीकडे, आमच्या घरात होती. मी फोनवर सांगेन तेव्हा गाणं सुरू करायचं, एवढंच तिचं काम.

आकडे आधी दिले, कारण ते खरे आहेत. त्या सकाळी मी एकही आकडा खोटा सांगितला नाही. आणि तरी — पण तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल. आधी पॅनलबद्दल सांगू द्या. ते सांगायला मला आवडतं.

मी एका बांधकाम कंत्राटदाराकडे एस्टिमेट काढतो. किती विटा, किती पोती सिमेंट, किती सळई. वर्षानुवर्षं हेच. माझा अंदाज दोन टक्क्यांच्या बाहेर गेला की मला जेवण जात नाही. आमची इमारत घाटकोपर पूर्वेची, जुनी, चार मजली. तिथला खजिनदारही मीच, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको आहे आणि माझ्याबद्दल कुणाला शंका नाही. 'मोहननं सांगितलं ना? मग झालं,' असं आमच्याकडे म्हणतात. हे वाक्य कानावर आलं की मला जिना चढताना दम लागायचा नाही. लपवू कशाला?

गाणं ऐकणं हा माझा एकच नाद. मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि पन्नाशीला टेकल्यावर मी पहिल्यांदा मोठे स्पीकर घेतले. लावले — आणि वाट लागली. खोली दहा बाय अकरा, चारी बाजूंना गुळगुळीत प्लास्टर, खाली फरशी. टाळी वाजवली की पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा आवाज परत यायचा. तबला कुठे, तानपुरा कुठे, कशाचा पत्ता नाही. सगळी खिचडी. नीता म्हणाली, "यापेक्षा तुझा जुना रेडिओ बरा होता रे."

भिंतीवर लावायची तयार पॅनल बाजारात मिळतात. किंमत ऐकली आणि माझ्यातला एस्टिमेटवाला जागा झाला. त्यात असतं काय? लाकडाची चौकट, आत रॉकवूलची लादी, वर कापड. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून त्याच्या तंतूंची केलेली लोकर. कारखान्यांत भट्टीभोवती गुंडाळतात. साकीनाक्याला एका गाळ्यात ती मिळाली. दुकानदारानं विचारलं, "बॉयलर केवढा आहे?" मी म्हटलं, "बॉयलर नाही, गाणं ऐकायचंय." त्यानं मला वरून खालपर्यंत बघून घेतलं आणि पैसे आधी मागितले.

चार फूट बाय दोन फूट, अशा अकरा चौकटी मी बाल्कनीत बसून केल्या. लाकूड पाइनचं, यंत्रांच्या खोक्यांचं, रंधा मारून घेतलेलं. चौकट झाली की दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले तर ती काटकोनात आहे. माझ्या अकराही चौकटींत कर्णांचा फरक एका मिलिमीटरच्या आत आहे. आमच्या ऑफिसच्या सुताराला मी एक दाखवली. त्यानं कोपऱ्यावरून नख फिरवलं आणि "साहेब, चहा सांगा," म्हणाला. याहून मोठं प्रशस्तिपत्र मला कुणी दिलेलं नाही.

रॉकवूल मात्र खाजकुयली. पहिल्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसलो आणि तीन दिवस स्वतःला ओरबाडत होतो. कापडाची परीक्षा सोपी असते: तोंडाला लावून फुंकर मारायची. श्वास पलीकडे गेला तर आवाजही जाईल. सोफ्याचं कापड नापास, पडद्याचं नापास, साधा मांजरपाट पास. दुकानात मी सातवं ठाण तोंडाला लावलं तेव्हा गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "काका, नेणार आहात की खाणार आहात?"

आणि आरसा. आपण ऐकायच्या खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं भिंतीला आरसा लावून सरकवत न्यायचा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल त्या जागी पॅनल हवं, कारण आवाज तिथूनच उसळून येतो. नीता आरसा सरकवत होती, मी डोळे बारीक करून बघत होतो. ती म्हणाली, "कांदेपोह्यांच्या दिवशीसुद्धा एवढं टक लावून बघितलं नव्हतंस."

"मी तुला नाही, स्पीकर बघतोय."

"तेच म्हणतेय मी."

सगळी पॅनल टांगली, मागे दोन इंचांची पोकळी सोडून. मग एक जुनी ठुमरी लावली. काय सांगू? बाई गायला सुरुवात करायच्या आधी श्वास घेतात, तो ऐकू आला. मी ते गाणं वीस वर्षं ऐकत होतो आणि तो श्वास मला माहीत नव्हता. तानपुऱ्याच्या चार तारा चार ठिकाणी उभ्या राहिल्या. डग्ग्यावर तळहाताची टाच घासून पुढे जाते तेही कळलं. नीता दारात उभी राहून ऐकत होती, गाणं संपल्यावर म्हणाली, "झकास झालंय रे." मला अभिमान वाटला. आजही वाटतो. ते काम चांगलं आहे, आणि ते मी केलं आहे.

पण पॅनलची एक गोष्ट लोकांना कळत नाही. ते खोलीतला आवाज गिळतं. भिंतीतून पलीकडे जाणारा अडवत नाही. डग्ग्यासारखा खालचा खर्ज तर अजिबात नाही. शिवाय आवाज स्वच्छ झाला की माणूस तो वाढवतो. पूर्वी कर्कश वाटून कमी करायचो, आता बटण रोज थोडं पुढे जायला लागलं. संध्याकाळी दोन तास.

भिंतीपलीकडे परबकाकींची झोपायची खोली होती.

काकी मालवणकडच्या, तेव्हा बहात्तर वर्षांच्या. काका गिरणीत होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकी एकट्या राहायच्या, स्वतःचा बाजार स्वतः करायच्या, कोळणीशी असा भाव करायच्या की कोळीणच हसायला लागायची. सुनीलनं दिंडोशीला टॉवरमध्ये घर घेतलं होतं आणि आईनं तिकडे यावं म्हणून तो मागे लागला होता. काकी म्हणायच्या, "माका कोण हलवता ता बघतंय." सत्तरी ओलांडलेली बाई एकटी राहते ती कशाच्या जोरावर? हात-पाय चालतात म्हणून नव्हे. डोकं ठिकाणावर आहे, असं इतरांना वाटतं म्हणून. हे मला ठाऊक होतं. हे मी आता लिहितोय तसं तेव्हाही मला ठाऊक होतं.

त्या गुडघ्यांनी हैराण, म्हणून संध्याकाळी खाटेवर आडव्या व्हायच्या. एके दिवशी दारात येऊन म्हणाल्या, "मोहना, तुझा गाणा चांगला असता रे. पण ता खालसून घुमता. माझ्या उशीत येता." मी म्हटलं, कमी करतो काकी. केलं. चार दिवस. मग बटण परत होतं तिथे.

पुन्हा आल्या, पुन्हा मी हो म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी जिन्यात मेहताभाईंना गाठलं. मेहताभाई माझ्याकडे आले, पॅनल बघून थक्क झाले, आणि म्हणाले, "एवढी गादी लावली भिंतीला, आवाज जाणार कुठून? काकी पण ना!" एका वाक्याचं काम होतं — भाई, ही गादी आवाज अडवत नाही. मी ते म्हटलं नाही. ते माझं कौतुक करत होते ना.

पण इमारतीत बोललं गेलं. मोहनबद्दल तक्रार आहे म्हणे. मोहनबद्दल! हे वाक्य मला सहन होईना. काकींची उशी सहन होत होती, हे वाक्य होत नव्हतं.

आता ती गोष्ट, जी सांगायला मी इतका वेळ घेतला.

पॅनल करण्याआधी मी माझ्या खोलीत आवाजाचा नकाशा काढला होता. आमच्या फरश्या दोन फुटी. काकींच्या बाजूच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत पाच. प्रत्येक फरशीवर छोटा मीटर ठेवून मी एकच खर्ज वाजवत राहिलो. दहा फुटांच्या खोलीत एक खर्ज असा असतो, की तो दोन्ही भिंतींशी फुगतो आणि बरोबर मधे मरतो. पहिल्या आणि पाचव्या फरशीवर घुमतो, तिसरीवर जवळजवळ नाही. तुमच्या घरीही करून पाहा. मधे उभे राहा, मग भिंतीला कान लावा. भिंतीशी आहे, मधे नाही.

काकींची खोली म्हणजे आमच्या खोलीचं आरशातलं रूप. तितकीच लांबी, तितक्याच पाच फरश्या. आणि काकींची खाट मधल्या भिंतीला लागून — पहिल्या फरशीवर.

मला हे नुसतं कागदावर माहीत नव्हतं. त्या रविवारच्या आठवडाभर आधी त्यांची ट्यूबलाइट बदलायला मी गेलो होतो. आमच्याकडे नीतानं गाणं लावलं होतं. खाटेशी स्टूल ठेवून चढलो आणि ऐकलं. काकी म्हणत होत्या ते अक्षर न् अक्षर खरं होतं. डग्गा पलीकडून नाही, भिंतीच्या पोटातून येत होता. स्टुलावरून उतरून मी दोन पावलं मधे सरकलो. गायब. पुन्हा भिंतीशी गेलो. हजर. आणि तेव्हा मला काय वाटलं असेल? लाज? नाही. आनंद. माझं गणित भिंतीपलीकडेही बरोबर निघालं होतं. काकींनी विचारलं, "काय रे, हसतंस कित्याक?" मी म्हटलं, "ट्यूब पहिल्या झटक्यात लागली ना."

दुसऱ्याच दिवशी मी मेहताभाईंना सुचवलं, की चाचणी घेऊ. सगळ्यांसमोर. मीटर लावून. सुनीललाही बोलवा.

रविवारी काकींच्या खोलीत खुर्च्या मी मांडल्या. त्याआधी खिशातून टेप काढला, दोन्ही भिंतींपासूनचं अंतर मोजलं आणि म्हणालो, "कुठल्याच भिंतीला झुकतं माप नको. बरोबर मधे बसू." मेहताभाईंनी मान डोलावली. सुनील म्हणाला, "मोहनदादा म्हणजे ना!" चारी खुर्च्या तिसऱ्या फरशीच्या ओळीत, एकीला एक लागून. ते दिसायला इतकं न्यायाचं होतं.

काकी खाटेवर बसून होत्या. म्हणाल्या, "हय बसा ना, खाटेर. हय येता ता." मेहताभाई हसले. "काकी, खाटवर नाही, खुर्चीवर या. सायन्स आहे हे." त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. मधल्या खुर्चीत बसल्या. मी नीताला फोनवर म्हटलं, लाव.

गाणं लागलं. गायनाची पुसट रेघ ऐकू येत होती, कुठल्याही शेजाऱ्याकडून येते तेवढी. डग्गा नाही. मीटरचे आकडे मी मोठ्यानं वाचले. गाण्याआधी अडतीस. गाणं चालू असताना एकोणचाळीस. मेहताभाईंनी हात पसरले — एक! एकाचा फरक!

सुनीलनं विचारलं, "आई, येतंय का तुला ऐकू?"

काकींनी मान तिरकी केली. डोळे मिटले. बराच वेळ. मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि मला एकच भीती होती, की ही बाई आता हट्टानं हो म्हणेल. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "नाय. आता आयकाक येणा नाय. खरां सांगतंय."

मग त्या खुर्चीतून उठायला लागल्या, तोंड खाटेकडे करून. तिथे पोचायला त्यांना तीन पावलं लागली असती. त्यांनी पहिलं टाकलं आणि मी फोनमध्ये म्हटलं, "बस नीता, बंद कर."

तो शब्द मी म्हटला. खुर्च्यांचं एक वेळ मी स्वतःला समजावलं असतं — मधे बसणं काही गुन्हा नाही. पण 'बंद कर' हे मी घाईनं म्हटलं, आणि घाई कशाची होती ते मला माहीत होतं. त्या खाटेवर बसल्या तेव्हा भिंत मुकी होती. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. काढला.

घरी आलो तेव्हा मी किती खूश होतो ते सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. मी बेमालूम जिंकलो होतो. एकही आकडा न बदलता! मीटर खरा, टेप खरा, गाणं तेच, बटण तिथेच. आमच्या धंद्यात मापं फुगवणारे कंत्राटदार मी पकडलेत. त्यांच्यातल्या एकालाही हे जमलं नसतं, असं माझ्या मनात आलं. मला त्या हुशारीचा अभिमान वाटला. पॅनलचा वाटतो तसाच, त्याच जागी. दोन्ही अभिमान मला वेगळे करता आले नाहीत, आणि आजही पुरते करता येत नाहीत.

पुढे काय होणार हे मी मोजलं नव्हतं. सुनील आईला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. आठवड्यानं जिन्यात भेटला. म्हणाला, "दादा, कान ठणठणीत आहेत तिचे. माझ्यापेक्षा चांगले." मग आवाज खाली आणून, कपाळाशी बोट नेऊन, "म्हणजे मग इथलंच काहीतरी. नाही का?"

कान बिघडले असते तर बरं झालं असतं, हे तुमच्या लक्षात येतंय ना? कान चांगले, आणि मोहनदादाच्या मीटरवर आवाज नाही. मग उरतं काय? मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वय असतं रे." जिन्यात आम्ही दोघंच होतो. मेहताभाई नव्हते, इमारत नव्हती, कुणी कौतुक करणारं नव्हतं. सांगता आलं असतं.

त्यानंतर काकींनी कधी तक्रार केली नाही. मी आवाज कमी केला का? केला, बराच. त्यांनी सांगायचं सोडल्यावर. पण आता दुसरंच सुरू झालं होतं. मी त्यांच्याकडे असताना दार वाजलं तरी त्या आधी मला विचारायच्या, "मोहना, बेल वाजली काय रे? का माका उगाच?" कुकरची शिट्टी झाली की दुसरीची वाट बघायच्या, पहिलीवर भरवसा नाही. कोळीण भाव सांगायची तो पुन्हा विचारायच्या. सुनीलला आणखी काय हवं होतं? त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातात पुरावा होता, आणि पुरावा मी दिला होता. गणपती झाले आणि काकींनी दिंडोशीला जायचं कबूल केलं.

टेम्पो खाली उभा होता. काकी आमच्याकडे निरोप घ्यायला आल्या, सुनील मागे. पॅनल लावल्यापासून त्या खोलीत त्या कधी आल्याच नव्हत्या. "बघूया तरी तुझो कारखानो," म्हणाल्या. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, मागच्या भिंतीशी, आणि तीच ठुमरी लावली. कमी आवाजात.

बाईंनी श्वास घेतला. काकी म्हणाल्या, "अगो बाय! हयच बसली मा ती!" माझी छाती फुगली. तुम्ही हसाल, पण फुगली. मग डग्गा आला. काकी थांबल्या. मान तिरकी झाली, डोळे मिटले, त्या दिवशी मिटले होते तसे.

"हां," त्या म्हणाल्या. "ह्योच. ह्योच यायचो माझ्या उशीत."

सुनीलनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटून, कीव आल्यासारखं हसला. मी काय केलं? मीही तसंच हसलो. त्याला साथ दिली. मग तो म्हणाला, "चल आई, टेम्पोवाला ओरडतोय."

काकींनी डोळे उघडले तेव्हा त्या सुनीलकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. किती वेळ, ते सांगता येत नाही. त्यांना काय कळलं, काय नाही, तेही सांगता येत नाही. उठून त्यांनी पॅनलवर हात फिरवला, मांजरपाटावरून, मग चौकटीच्या कोपऱ्यावरून. "ह्यां तू हातान केलंस?"

"हो काकी. अकराच्या अकरा."

"बरां केलंस. सुबक आसा."

मग कमरेची पिशवी सोडली. त्यांच्या गावाकडे म्हणे घर बांधून झालं की सुताराच्या तळहातावर काहीतरी ठेवतात, मजुरी चुकती केल्यावरही, वेगळं. "कारागिराच्या हातार कायतरी ठेवूक व्हया," म्हणाल्या. शंभराची नोट आणि वर एक रुपयाचं नाणं. माझा उजवा हात स्वतःच धरून त्यांनी उघडला.

एकशे एक रुपये. परबकाकींनी मला दिले, आणि मी ते घेतले.